पाणीवाली बाई आणि साहेबांची चिठ्ठी

(मुंबईच्या उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



उपनगरातल्या एखाद्या सार्वजनिक रुग्णालयात पुढाऱ्याच्या वाढदिवशी गेले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. वॉर्डाच्या दाराशी केळ्यांच्या आणि सफरचंदांच्या करंड्या येतात. मागोमाग साहेब येतात, त्यांच्यामागे पाचपंचवीस कार्यकर्ते आणि छायाचित्रकार येतात. रुग्णाच्या हातावर दोन फळे ठेवली जातात आणि त्याने मान किंचित वर करावी, असे त्याला सांगण्यात येते. पंधरा मिनिटांत सारा लवाजमा निघून जातो. दोन खाटांच्या मधल्या जागेत चादर अंथरून आठ-आठ रात्री काढणारी रुग्णाची आई किंवा बायको तेवढी तेथेच राहते. छायाचित्रात ती कोठेच नसते.

ह्या फळवाटपाला अलीकडे एक जोड मिळाली आहे. पुढारी आता आपल्या घरातील आजारपणाविषयी बोलू लागले आहेत. वृद्ध आईच्या उशाशी काढलेल्या रात्री, पत्नीच्या दुखण्यात झालेली ओढाताण, अपंग अपत्यामुळे आलेले शहाणपण, हे सारे मुलाखतींतून सांगितले जाते आणि ‘साहेबांची माणूस म्हणून असलेली बाजू’ ह्या मथळ्याखाली छापलेही जाते. वाचकांचे डोळे ओलावतात. आपल्यातीलही काही तरुण कार्यकर्ते विचारू लागले आहेत की, आपल्या पक्षाने नेहमी ठराव, आकडे आणि मागण्याच का मांडाव्यात. आपल्या नेत्यांनीही थोडे मन मोकळे का करू नये?

हा प्रश्न उपहासाने टाळण्याजोगा नाही. ज्याने रुग्णाचे अंग पुसले आहे, त्याच्या कुशीवर पडलेल्या जखमांना मलम लावले आहे, रात्री तीन वाजता औषधाच्या दुकानाचे दार ठोठावले आहे, त्याला मनुष्यजीवनाविषयी असे काही कळलेले असते, की जे अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेतून कळत नाही. अशा अनुभवाची टर उडविणे हा समाजवाद नव्हे. परंतु त्या अनुभवाचे पुढे काय झाले, हे न विचारताच गहिवरून जाणे हाही समाजवाद नव्हे. राजकारणी माणसाच्या बाबतीत खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गोरेगाव आणि घाटकोपर ही आपलीच दोन ठिकाणे त्यासाठी पुरेशी आहेत.

१९५७ साली महानगरपालिकेची हद्द पश्चिमेकडे दहिसरपर्यंत आणि पूर्वेकडे मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. कर शहराचे आणि सोयी खेड्याच्या, अशी त्या वेळी ह्या नव्या उपनगरांची अवस्था होती. त्यानंतरच्याच वर्षी, १९५८ मध्ये, गोरेगावातील समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे ह्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी मृणाल गोरे ह्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून राष्ट्र सेवा दलाच्या आणि पक्षाच्या कामात उडी घेतलेली होती. वैधव्य आले तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते आणि पदरी लहान मुलगी होती. मतदारांच्या भावनेला हात घालण्यासाठी ह्याहून अधिक काय लागते? १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून गेल्या, आणि पुढे त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला तो विषय मात्र वैधव्याचा नव्हता. तो नळाचा होता.

पाण्याचा प्रश्न हा शुश्रूषेचाच प्रश्न आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. घरात हगवणीने आजारी मूल असेल, तर पहिले औषध म्हणजे स्वच्छ पाणी. बाळंतिणीला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला, तापाने फणफणलेल्या माणसाला सर्वांत आधी पाणीच लागते. आणि ते आणणारी बाई रांगेत उभी असेल, तर तितका वेळ रुग्णापाशी कोणीच नसते. गोरेगावच्या वस्त्यांतील बायका हंडे घेऊन मृणालताईंच्या मागे महापालिकेवर गेल्या, तेव्हा त्या केवळ नागरी सुविधेसाठी गेल्या नव्हत्या. आपल्या दिवसातले तास परत मागण्यासाठीही त्या गेल्या होत्या.

त्या लढ्यातून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. १९७७ साली उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघर पोहोचली. ह्या नावाकडे थोडे बारकाईने पाहावे. लोकांनी त्यांना ‘माउली’ म्हटले नाही, दुःख सोसणारी साध्वीही म्हटले नाही. मिळालेल्या वस्तूचे नाव त्यांनी त्यांना दिले. त्यातही अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की एकदा नळ घरात आल्यानंतर हंडाभर पाण्यासाठी कोणालाही मृणालताईंच्या दारी जावे लागले नाही. त्यांनी आपल्या कामाने स्वतःची गरज संपविली. उत्तम परिचारिकेचे लक्षणही हेच असते. रुग्ण आपल्या पायांवर उभा राहिला, की तिचे काम पुरे होते.

ही रीत त्यांच्या पुढील कामातही दिसते. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते ह्यांच्यासह त्या लाटणी हाती घेतलेल्या स्त्रियांच्या पुढे होत्या. मागणी होती ती रेशनच्या दुकानात धान्य, तेल, रॉकेल रास्त दरात मिळण्याची. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध १९८६ साली विधानसभेत त्यांनी अशासकीय विधेयक आणले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात तसा कायदा झाला. देशाला त्यासाठी १९९४ पर्यंत थांबावे लागले. बाबूराव सामंत ह्यांच्यासमवेत नागरी निवारा परिषदेच्या द्वारे दिंडोशीच्या सुमारे ६२ एकर जमिनीवर सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या. त्यांनी कोणाकोणाचे अश्रू पुसले, ह्याची यादी कोणापाशी नाही. कायदा, घर आणि नळ मागे उरले आहेत.

आता लोहमार्गाच्या दुसऱ्या फाट्यावर, घाटकोपरला येऊ. तेथे पंतनगरात दत्ता सामंत नावाचे एक डॉक्टर दवाखाना चालवीत होते. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत दगडखाणींतील आणि कारखान्यांतील मजूर मोठ्या संख्येने होते. रोगाचे मूळ शरीरात नाही, मजुरीत आणि कामाच्या परिस्थितीत आहे, हे त्या डॉक्टरांच्या ध्यानी आले आणि ते कामगार संघटनेकडे वळले. येथवरची कथा कोणालाही हेवा वाटावा अशी आहे. आजाऱ्याची सेवा करता करता आजाराच्या कारणापर्यंत पोहोचलेला हा माणूस होता. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या शब्दावर घरी बसले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली. त्यांचे धैर्य आणि त्यांच्यावरील कामगारांची निष्ठा ह्यांविषयी वाद नाही.

परंतु चळवळीच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कामगार त्यांना अखेरपर्यंत ‘डॉक्टर’ म्हणत राहिले. त्या संबोधनात कृतज्ञता होती, तसाच रुग्ण आणि वैद्य ह्यांच्यातला जुना संबंधही होता. वैद्याने औषध द्यावे, रुग्णाने ते डोळे मिटून घ्यावे. मात्रा किती आणि का, हे विचारू नये. अडीच लाखांचा संप एका माणसावरील विश्वासावर उभा राहिला. तो पुढे कसा न्यावा, कोठे थांबवावा, ह्याचा निर्णय करणारी, खात्याखात्यांतून निवडून आलेली बळकट यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विझत गेला. ह्याचा सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला होता. मत देण्याचे दार बंद असले, की माणसे विश्वास ठेवण्याच्या दाराने आत येतात. तरीही धडा उरतोच. सेवेतून जन्मलेले नेतृत्व सेविताला बोलते करीत नसेल, तर नेता आणि अनुयायी दोघेही एकाकी पडतात.

सेवेतून संघटना आणि संघटनेतून कायदा, हा मार्ग वैद्याला साधत नाही, असे मात्र नाही. पुण्यात बाबा आढाव ह्यांनी तो साधून दाखविला. नाना पेठेतील त्यांच्या दवाखान्यात पाठीच्या आणि सांध्यांच्या दुखण्याने बेजार झालेले हमाल येत. लेप लावून पाठ तात्पुरती बरी करता येते; दुसऱ्या दिवशी त्याच पाठीवर तेच पोते चढणार असेल, तर वैद्याने काय करावे? ह्या प्रश्नातून हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे, ज्याला कोणी मालकच नव्हता अशा कष्टकऱ्यालाही मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि भरपाई मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या कायद्यामागे मुंबईच्या माथाडी कामगारांचा लढा होता, तसेच पुण्याच्या हमालांचे संघटितपणही होते. दुखरी पाठ दवाखान्यातून विधिमंडळात पोहोचली, ती अशी.

बाहेरच्या जगातही हाच भेद दिसतो. ब्रिटनमधील अन्यूरिन बेव्हन हे वेल्सच्या ट्रेडेगर गावातील खाणकामगाराचे पुत्र. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या वडिलांनी १९२५ मध्ये बेव्हन ह्यांच्या हातांत प्राण सोडला. तो व्यवसायजन्य रोग मानला जात नसल्याने भरपाई मिळाली नाही. त्याच गावी खाणकामगारांनी मजुरीतून वर्गणी काढून चालविलेली वैद्यकीय साहाय्य संस्था होती. मुलाने दोन्ही गोष्टी पाहिल्या. तो आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ह्याउलट डेव्हिड कॅमेरॉन ह्यांचे उदाहरण घ्यावे. त्यांना गंभीर अपंगत्व असलेला मुलगा होता; तो सहा वर्षांचा असताना २००९ मध्ये गेला. पित्याच्या त्या शोकाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचा कोणालाही अधिकार नाही. परंतु २०१० मध्ये ते पंतप्रधान झाल्यानंतर त्यांच्या सरकारने काटकसरीच्या नावाखाली स्थानिक संस्थांचे अनुदान घटविले. वृद्धांची आणि अपंगांची घरपोच काळजी घेण्याची जबाबदारी नेमकी त्या संस्थांवर होती. दुःख दोघांचेही खरे होते. एकाच्या दुःखातून संस्था निर्माण झाली; दुसऱ्याचे दुःख त्याच्या घरापुरते राहिले.

आता पुन्हा आपल्या वॉर्डाकडे वळू आणि ‘साहेबांच्या चिठ्ठी’चा विचार करू. उपनगरातील बहुतेक राजकीय कार्यालयांत सकाळी जी गर्दी असते, तीत रुग्णांचे नातेवाईक मोठ्या प्रमाणावर असतात. कोणाला खाट हवी असते, कोणाचे बिल कमी व्हायला हवे असते. साहेब चिठ्ठी देतात, फोन करतात, काम होते. घरच्या संकटात धावून आलेल्या माणसाला तो मनुष्य जन्मभर विसरत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्या चिठ्ठीवर मिळते ते काय? धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. रुग्णालयाने त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. देखरेख धर्मादाय आयुक्तांकडे आहे. म्हणजे चिठ्ठीवर जी कृपा म्हणून दिली जाते, ती अनेकदा मूळचा हक्कच असते. कायद्याने दिलेले आधी दडवून ठेवायचे आणि मग ओंजळीतून घालायचे, असा हा व्यवहार आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर टंचाई असलेल्या प्रत्येक वस्तूला किंमत पडते. ती पैशाने द्यावयाची नसेल, तर निष्ठेने द्यावी लागते. आणि ज्या पुढाऱ्याचे सामर्थ्य चिठ्ठीत आहे, त्याचा हितसंबंध खाटा वाढण्यात असू शकत नाही. बोरिवलीचा रुग्ण लोकलमध्ये उभा राहून परळला जातो, ह्यातच त्याचे महत्त्व टिकून असते. तो मनाने दुष्ट असतो, असे नाही. पुष्कळदा तो कनवाळूच असतो. परंतु त्याच्या कनवाळूपणाचे भांडवलच मुळी लोकांची अगतिकता हे असते. नळ आल्यावर आपल्याकडे कोणी येणार नाही, हे ठाऊक असूनही नळासाठी लढणे आणि रोज एक हंडा आपल्या हाताने भरून देणे, ही राजकारणाची दोन वेगवेगळी तत्त्वज्ञाने आहेत.

ह्या व्यवहारातील सर्वांत मोठा वाटा कोणाच्याच हिशेबात येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत असे आढळले, की देशातील ८१ टक्के स्त्रिया घरातील विनामोबदला कामे करतात आणि त्यांत त्यांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे जातात. पुरुषांपैकी अशी कामे करणारे २६ टक्के, आणि त्यांची मिनिटे ९७. मुलांची, आजाऱ्यांची व वृद्धांची काळजी घेणाऱ्यांत स्त्रीची १३४ मिनिटे जातात, पुरुषाची ७६. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात ह्या श्रमाला स्थान नाही. शासनानेही तोच कित्ता गिरविला आहे. अंगणवाडीतील बाई ‘सेविका’ आणि आरोग्य खात्याची ‘आशा’ ही ‘स्वयंसेविका’. त्यांना वेतन मिळत नाही, मानधन मिळते. सेवेचा गौरव शब्दांनी केला, की तिचा पगार द्यावा लागत नाही, ही युक्ती घरातून सरकारात गेली आहे.

म्हणून एखाद्या पुढाऱ्याने आपल्या शुश्रूषेची कथा सांगितली, तर ती आदराने ऐकावी आणि नंतर तीन प्रश्न विचारावेत. पहिला, त्या दिवसांत प्रत्यक्ष अंथरूण बदलणारी, भांडी उचलणारी, रात्री जागणारी व्यक्ती कोण होती आणि तिला काय मिळाले? दुसरा, ज्या आजाऱ्याची कथा सांगितली जाते, त्याची संमती आणि त्याची अब्रू ह्यांचा विचार झाला होता का? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, त्या अनुभवानंतर त्याने कोणत्या खाटेसाठी, कोणत्या पाळणाघरासाठी, कोणत्या वेतनासाठी सभागृहात हात वर केला? ह्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर असेल, तर तो पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, त्याचे माणूसपण मान्य करावे.

हे प्रश्न दुसऱ्यांनाच विचारून चालणार नाही. आपल्या चळवळीतील किती पुरुषांचे अखंड दौरे, सत्याग्रह आणि तुरुंगवास घरातील एखाद्या स्त्रीने नोकरी करून आणि सासूसासऱ्यांचे दुखणेबाणे काढून शक्य केले, ह्याचा इतिहास आपणही लिहिलेला नाही. आजही शाखेची बैठक रात्री नऊला ठेवली जाते आणि स्त्रिया येत नाहीत म्हणून खेद व्यक्त केला जातो. ज्या कार्यकर्त्याची आई आजारी आहे, त्याने सभा चुकवून घरी थांबावे, ह्याला आपण कर्तव्यच्युती मानणार असू, तर समतेवरील आपल्या व्याख्यानांना अर्थ नाही.

करण्याजोगी कामे मोठी नाहीत, पण ती चिकाटीची आहेत. आपल्या कार्यालयात येणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला चिठ्ठी देऊन पाठवू नये. धर्मादाय योजनेचा अर्ज कसा करावा, उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, नकार मिळाल्यास तक्रार कोणाकडे करावी, हे शिकवून, त्याच्याबरोबर जाऊन, पुढच्या वेळी तोच दुसऱ्याबरोबर जाईल असे पाहावे. रुग्णालयासोबत रात्री थांबणाऱ्या नातेवाइकांसाठी निवाऱ्याची मागणी महापालिकेकडे करावी. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. घरकामगार आणि फेरीवाल्या बाईच्या मुलासाठी ते वस्तीत मागावे. अनधिकृत वस्तीतील माणसालाही पाणी नाकारता येत नाही, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. तरीही आपल्या टेकड्यांवरील वस्त्यांत हंड्यांच्या रांगा संपलेल्या नाहीत. पाणीवाल्या बाईचे काम पुरे झाले आहे, असे कोणी समजू नये.

ह्या कामांची छायाचित्रे येणार नाहीत. काही वर्षांनी लोक कदाचित आपल्याला ओळखणारही नाहीत, कारण त्यांना आपल्या दारी येण्याचे कारण उरणार नाही. ते आपले यश समजावे. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये झोपलेल्या त्या बाईला आपले नाव ठाऊक असण्याची गरज नाही. तिला रात्री पाठ टेकायला एक खाट आणि प्यायला स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे, आणि ते तिने कोणाचेही उपकार न मानता घेतले पाहिजे.